शेट्यांच्या भिंतीवरचं जहाज

रविवारी सकाळी दहाला पाहुणे शेट्यांच्या शिवांजलीला बघायला येणार होते आणि साडेनऊला शेजारच्या हंबीररावांनी घात केला. ते जादा खुर्च्या पोचवायला आले, हॉलमधल्या भिंतीवरचे सहा काळे-पांढरे फोटो त्यांनी निरखून पाहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "सोमशेखरअण्णा, हे टायटॅनिक हाय की! पहिल्याच फेरीत बुडालं बघा हे."

"हळू बोला की ओ!" सोमशेखर शेटे दोन्ही हात हलवत धावले.

तीस वर्षं मार्केट यार्डात गुळाची अडत चालवलेल्या माणसापुढं 'बुडालं' हा शब्द काढायचा नसतो. यार्डात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. एखादा अडत्या सगळं गमावून रातोरात गाव सोडून गेला, तरी त्याला 'जरा बसलाय' एवढंच म्हणतात. आणि इथं शेट्यांनी स्वतःच्या हातानं, उचगावच्या नव्या बंगल्यात, बरोबर दारासमोर हे लावलं होतं. भिंत मोकळी दिसू नये म्हणून राजारामपुरीतल्या फ्रेमवाल्याकडून त्यांनी ते हौसेनं आणलं होतं. विलायती माल आहे, एवढीच त्यांना माहिती.

"आन् ही माणसं कोण मग?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"वाचलेली. दुसऱ्या जहाजानं उचलली त्यास्नी."

"आन् न वाचलेली?"

"त्यांचा फोटू कोण काढणार?"

शेट्यांनी घाईघाईनं पहिल्या फ्रेमला हात घातला आणि तेवढ्यात फाटकात जीप वाजली. पाहुणे जवळजवळ अर्धा तास आधीच आले होते. ती मुलाच्या गुरुसिद्धकाकांची पद्धत होती. ठरल्या वेळी गेलं की माणसं घर सजवून बसलेली असतात, असा त्यांचा संशय होता, आणि संशयाच्या बाबतीत काका कंजूस नव्हते. पुतण्याच्या तीन सोयरिकी त्यांनी मोडल्या होत्या. एक, नळाला पाणी नव्हतं म्हणून. दुसरी, पाणी जरा जास्तच होतं म्हणून. तिसरीचं कारण त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

इकडे शिवांजली आत पोह्यांच्या बश्या भरत होती. मुलगा, म्हणजे शिवशरण, आणि ती दोन वर्षं एकाच वाचनालयात अभ्यासाला बसत होती. हे फक्त तिच्या आईला, दानेश्वरीला ठाऊक होतं. "हाच, न्हायतर कुणीच न्हाय," असं तिनं आईला बजावलं होतं. भिंतीवरचं जहाज तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण तिच्या अप्पांनी एवढ्या कौतुकानं आणलेलं, म्हणून बिचारी गप्प बसली.

आमच्याकडं पाहुणा घरात शिरला की आधी भिंत वाचतो. हार कुणाला घातलाय, कुणाच्या खांद्याला खांदा लावून कोण उभं आहे, यावरून त्याला घराची कुळी कळते. गुरुसिद्धकाका 'बसा बसा'कडं दुर्लक्ष करून, चष्मा चढवून थेट भिंतीकडं गेले.

"हे काय म्हणायचं?"

"जहाज."

"ते दिसतंय की. कुणाचं?"

शेट्यांनी फ्रेम पुसल्यासारखं केलं. "आपला... गूळ जातोय त्यातनं. भायेर देशात."

स्वयंपाकघराच्या दारात दानेश्वरीनं कपाळाला हात लावला.

"गुळाला एवढं मोठं जहाज?"

"मागणी हाय."

काका दुसऱ्या फोटोकडं सरकले. "आन् ह्यो पांढरा डोंगर?"

"मीठ."

"पाण्याच्या मधोमध?"

"मीठ पाण्यातच हुतंय की ओ."

काकांनी हे मनात तोलून पाहिलं. चूक कुठं आहे ते सापडेना, म्हणून त्यांचा संशय आणखी वाढला. तिसऱ्या फोटोत माणसांनी भरलेल्या होड्या होत्या.

"ही मंडळी?"

"गूळ उतरून घ्यायला आल्यात."

"होडीत गूळ तर दिसंना."

"वाटून संपला."

"असं व्हय." काका चौथ्या फोटोपाशी थांबले. जहाजाच्या डेकवर घोंगड्यात गुरफटलेल्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक तोंड झाकून रडत होती. "आन् ह्या का रडाय लागल्यात?"

शेट्यांनी छताकडं पाहिलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. "त्यास्नी... गूळ मिळाला न्हाय."

हंबीररावांना एकाएकी ठसका लागला आणि ते अंगणात गेले.

काकांनी चष्मा काढला. बरोबर आलेल्या शिवशरणच्या कानात ते काहीतरी पुटपुटले. त्यानं मान खाली घातली. मग काका सावकाश वळले.

"शेटे, आम्ही खुळी न्हवं. इचलकरंजीत ह्ये जहाज बारक्या पोरास्नीबी म्हाईत हाय. बुडालेलं हाय त्ये."

शेट्यांचा चेहरा गुळाच्या जुन्या ढेपेसारखा काळवंडला.

"दारासमोर लावलंय. आम्ही आत आलो की बरोबर तोंडावर." काकांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं तुमास्नी?"

"काय सांगितलं?"

"आमचं माग बंद पडल्यालं! चौकशी केलीसा तर सरळ बोलायचं हुतं. भिंतीवर फोटू लावून टोमणं कशाला?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. मुलाच्या माहितीच्या कागदावर 'चोवीस यंत्रमाग, जोरात चालू' असं काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. ते माग दिवाळीलाच थांबले होते.

"काका, मी पैल्यापासनं म्हणत हुतो, खरं सांगूया," शिवशरण हळूच म्हणाला. "मी सूतगिरणीत नोकरीला लागलोय, ह्यात लाजायचं काय?"

शिवांजली पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थबकली होती. मागांचं तिला ठाऊक होतं, शिवशरणनं तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. पण आता अप्पांच्या छातीत हवा भरताना तिला दिसत होती. आता ही माणसं उठून जाणार आणि सगळं संपणार, असं तिला वाटलं.

"म्हंजे तुम्ही आमाला फसवाय लागलासा?" शेटे गरजले.

"व्हय, लागलो," काका म्हणाले. "आमचं झालं सांगून. आता तुमचं सांगा. सोयरीक ऱ्हाऊ दे, पोराला तुमच्या गुळाच्या जहाजावर तरी लावा कामाला. कुठल्या बंदरातनं सुटतंय?"

शेट्यांची सगळी हवा गेली. त्यांनी हंबीररावांकडं पाहिलं, ते अंगणात पाठमोरे उभे होते. बायकोकडं पाहिलं, तिनं पदर तोंडाला लावला होता. मग लेकीकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती त्यांच्याशिवाय कुणाकडंच बघत नव्हती. एवढी वीस वर्षांची पोरगी, कधी काही मागितलं नव्हतं तिनं. शेट्यांना काय ते कळलं.

"पावणं, जहाजबिहाज काय न्हाय. आपला गूळ निपाणीच्या पुढं कधी गेल्याला न्हाय." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. "ह्ये जहाज... बुडालं."

तीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द तोंडातून निघाला आणि मग थांबेना. "पैल्याच फेरीत बुडालं. मला आज सकाळी कळलं. मी आपला येडा, चांगलं दिसतंय म्हणून लावलं. तुमचं माग बुडालं का ऱ्हायलं, मला काय म्हाईत न्हवतं. देवाशप्पथ!"

काकांनी विचारलं, "मग त्या गूळ न मिळाल्याल्या बाया?"

"वाचलेल्या हायत त्या," शिवांजली म्हणाली. "सातशे माणसं वाचली. दुसरं जहाज वाट वाकडी करून आलतं त्यांच्यासाठी."

काकांनी पुन्हा चष्मा चढवला आणि चौथ्या फोटोपाशी जाऊन ते बराच वेळ उभे राहिले. मग परत आले आणि आल्यापासून पहिल्यांदाच खुर्चीवर टेकले.

"पोहं आण बाई," ते शिवांजलीला म्हणाले. "तुझा बा खोटं बोलतोय, पर त्याला ते अजाबात जमत न्हाय. असला व्याही मला पुन्ना कुठं घावायचा!"