डिकीचं नवं रबर

सासऱ्यांच्या जुन्या गाडीच्या डिकीला नवं रबर मी बसवतो, असं जावयाने जेवताना जाहीर केलं, तेव्हा सासरे घास हातात धरून तसेच बसले. त्या गाडीला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी फडकंसुद्धा लावलेलं त्यांना चालत नसे. पण इलाज नव्हता. जुन्या रबराचा वाळून पार भुगा झाला होता. मागच्या प्रवासात डिकीत तळं साचलं आणि सासूबाईंचे सगळे पांढरे कपडे सुटकेसच्या लाल अस्तराने गुलाबी होऊन बाहेर आले. "एक तर डिकी कोरडी राहील, नाहीतर गाडी विकली जाईल," असं सासूबाईंनी तेव्हाच बजावलं होतं.

"जमेल तुम्हाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"त्यात काय, अर्ध्या तासाचं काम!" जावई म्हणाला. बायकोकडे बघायचं मात्र त्याने टाळलं, कारण घरच्या न्हाणीघरातल्या नळाचं अर्ध्या तासाचं काम त्याने मागच्या महिन्यात सुरू केलं होतं.

सकाळ नुसता जुना गोंद खरवडण्यात गेली. मग नवं रबर आलं आणि सासरे जावयाच्या खांद्यावरून वाकून उभे राहिले.

"ओढू नका. ओढून बसवलं की पुढे आखडतं."

"हो बाबा."

"ओढताय तुम्ही."

"नाही ओढत, बाबा."

"मग माझे डोळे गेलेत का?"

असं करत करत नव्या गोंदावर रबर एकदाचं डिकीच्या कडेने फिरलं. टोकाला टोक मिळालं. पण झाकण काही बसेना. नवं रबर चांगलंच जाडजूड होतं. जावई झाकणावर चढून बसला, तेव्हा कुठे कडी खट्‌कन लागली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटलं.

"आता वरून पाणी मारून बघू. मी टॉर्च घेऊन आत बसतो."

"तुम्ही कशाला? मी बसतो ना."

"तुम्हाला थेंब ओळखता यायचे नाहीत," असं म्हणून सासऱ्यांनी झाकण उघडलं आणि ते पाय पोटाशी घेऊन डिकीत आडवे झाले. जावयाने झाकण लावलं, तो पुन्हा वर बसला, खट् झालं. मग त्याने नळी सुरू करून गाडीला मनसोक्त अंघोळ घातली.

"एक थेंब नाही!" आतून आवाज आला. "शाब्बास! उघडा आता."

जावयाने किल्ली फिरवली. कडी सुटली, झाकण मात्र हललं नाही. त्याने जोर लावला, पाय टेकवून ओढलं, तरीही तेच. मग त्याने गोंदाचा डबा उचलला. 'झटपट चिकटतो' एवढं त्याने सकाळीच वाचलं होतं. त्याखालची 'वाळेपर्यंत झाकण लावू नये' ही ओळ त्याने आत्ता वाचली.

त्याने घाईघाईने गॅरेजवाल्याला फोन लावला. "ताकद लावू नका साहेब, सगळं रबर उपटून येईल," तो म्हणाला. "फटीतून जाड दोरा सरकवा आणि हळूहळू कापत न्या."

शिवणाचा जाड दोरा सासूबाईंकडे होता. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

"आत हवा आहे ना?"

"भरपूर. मागच्या सीटच्या फळीला फटी आहेत. आपलं बोलणंसुद्धा ऐकू जातं."

"असं?" सासूबाई म्हणाल्या. दोऱ्याचं रीळ त्यांच्या हातातच होतं. पण त्या गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि त्यांनी रीळ मांडीवर ठेवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच नवरा बोलणं अर्धवट टाकून उठून जाऊ शकणार नव्हता.

"अहो, ऐकताय ना? स्वयंपाकघर रंगवायचं कधीपासून म्हणतेय मी."

"अगं, आधी दोरा दे!"

"देते. रंगवायचं ना?"

"हो!"

"फिकट निळा. आणि कान तपासायला डॉक्टरांकडे जायचं."

"हो, हो!"

"आई, दे ना गं दोरा," बायको दारातून म्हणाली. पण ती हसू दाबतेय, हे जावयाच्या नजरेतून सुटलं नाही. तो बिचारा हात पुढे करून उभा होता.

आणखी दोन 'हो' पदरात पडल्यावर दोरा बाहेर आला. जावयाने श्वास रोखून तो फटीतून फिरवला. झाकण चर्रकन सुटलं आणि सासरे कोरडे ठणठणीत बाहेर आले. रबर जागच्या जागी होतं.

"फर्स्ट क्लास काम!" त्यांनी जावयाची पाठ थोपटली. "पाणी नाही, धूळ नाही, आवाजसुद्धा नाही. तू काय बोलत होतीस गं? मला आत एक अक्षर कळलं नाही. आपलं हो हो म्हणत होतो."

जावयाला वाटलं, आता भडका उडणार. पण सासूबाई रीळ गुंडाळत शांतपणे म्हणाल्या, "मग राहू दे. तुमच्या बहिणीला महिनाभर राहायला बोलवू या म्हणत होते."

"खोटं! हे कधी म्हणालीस? तू तर फिकट निळा..."

सासऱ्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. सासूबाई तडक आत गेल्या आणि रंगाच्या दुकानात फोन करू लागल्या.

जावई पोट धरून हसत होता. तेवढ्यात एरवी त्याला 'अरे' म्हणणारी बायको टॉर्च घेऊन जवळ आली आणि गोड आवाजात म्हणाली, "अहो, तो डावीकडचा कोपरा नीट बसलाय का, तुम्हीसुद्धा एकदा आत जाऊन बघता का?"