उरलेल्यांचा चहा

आमचे शेजारी बाळूकाका यांनी मुंबई-गोवा-मुंबई अशा लागोपाठ तीन सहली बुक केल्या, त्याही एकाच बोटीच्या. तीच बोट, तोच रस्ता, तोच समुद्र. अहो, दिवेआगरला तो समुद्र वाडीच्या टोकाला उभं राहिलं की दिसतो, असं मी त्यांना सांगून पाहिलं.

"दिसतो रे," काका म्हणाले, "पण त्याच्यावर बसून आयता नाश्ता मिळत न्हाय."

या माणसाने काकूंच्या जोडीने पंचवीस वर्षं 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' चालवली. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. थोड्याच दिवसांत काकांनी पाटी उतरवून माळ्यावर टाकली आणि मग हे बोटीचं खूळ घेतलं. पहिली सहल एकट्याने केली. दुसरीला त्यांच्या मुलीने, पुण्याच्या वैशालीने, मला सोबत धाडलं. कामगिरी एकच: बोट मुंबईला परतली की तिसरी सहल रद्द करायला लावून काकांना घरी आणायचं.

मी बोटीत पाऊल टाकलं तर काका दारातच उभे.

"ये, ये. वाटेत तरास न्हाय ना झाला? गरम पाणी सकाळी सहाला."

बोटीत गरम पाणी चोवीस तास असतं. पण सवय ती सवय.

लागोपाठ दुसऱ्यांदा जाणाऱ्याला बोट पाठ झालेली असते. काकांना तर जेवणाचं पान न पान पाठ होतं. "आज राजमा. घेऊ नको. उद्याची मासळी बरी, पण तिला आपली चव न्हाय." जीवरक्षक जाकीट घालायची तालीम पुन्हा झाली, तेव्हा काका लोकांचे पट्टे बांधत फिरले. जादूगाराचे खेळही तेच. "आता डाव्या बाहीतून रुमाल," काका माझ्या कानात सांगायचे, ते तीन रांगांना ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी जादूगार स्वतः येऊन त्यांना हात जोडून मागच्या रांगेत बसवून गेला.

दर सहलीला त्यांची खोली बदलायची. शेवटच्या सकाळी काकांनी पलंगावरची चादर काढून घडी घातली आणि कुठून तरी झाडू पैदा करून खोली झाडायला घेतली. खोली आवरणारा कर्मचारी कळवळून म्हणाला, "काका, नका हो, माझी नोकरी जाईल!"

"अरे, नवे पाहुणे यायच्या आत खोली तयार नको?"

मग ते उतरायच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "चार्जर घेतलात का? ओले कपडे न्हाय ना राहिले? पोचल्यावर फोन करा." कोणाला, कुठल्या नंबरावर, हे कोणी विचारलं नाही. सुरतेचं एक कुटुंब मात्र खरंच मागे फिरलं आणि चार्जर घेऊन आलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो विसरलो होतो.

अकरापर्यंत बोट रिकामी झाली. नवे लोक दुपारी दोननंतर यायचे. मधल्या वेळात पुढच्या सहलीलाही असणारे तेवढे बोटीवर राहतात. काका धरून अकराजण होते. त्यांना एका दालनात बसवून चहा दिला. मला उतरायची सूचना दोनदा झाली होती.

"काका, बॅग भरा. वैशालीला शब्द दिलाय मी. घरी चला."

"घरी हाय कोण?" काका म्हणाले. "बस जरा."

मी बसलो. ते कपाकडे बघत बोलू लागले. "पाहुणे गेले की ती आधी चहा टाकायची. खोल्या मागनं आवरायच्या. ओट्यावर बसून आम्ही दोघं पाहुण्यांच्या नकला करायचो. कोण सोलकढी कसा प्याला, कोण खेकडा बघून कसा पळाला. ती गेल्यावर मी एकदाच पाहुणे घेतले. ते गेले, आणि माझ्या हातनं दोन कप चहा टाकला गेला. दोन्ही मीच प्यालो, आणि त्याच दिवशी पाटी काढली." त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "इथं सगळे गेले तरी धा माणसं उरतात बघ."

कुंपणापलीकडून त्या दोघांचं हसणं मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. ते बंद झाल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"काका, पाटी लावा परत," मी म्हटलं. "पाहुणे गेले की मी येतो चहाला."

"तुला नकला येतात?"

"नाही. तुम्ही करा, मी हसेन."

काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग उठले, उरलेल्या दहाजणांना हात जोडून "दिवेआगरला या" म्हणाले आणि खोलीत जाऊन बॅग घेऊन आले. तिसरी सहल काउंटरवर सोडून दिली. दारापाशी पोचल्यावर मात्र थबकले.

"पण चहा प्यालास की लगेच उठून जायचं न्हाय हां," ते म्हणाले. "ती अर्धा तास बसायची."

"मी तासभर बसेन," मी म्हणालो.

काकांनी बॅग माझ्या हातात दिली आणि माझ्या पुढे उतरले.