लोखंडी टाकीवरची पश्चिम

"आज माझा आवाज समुद्र ओलांडणार! मधे कोणी येऊ नका!" बिनतारीकाकांनी गच्चीवरून जाहीर केलं, आणि तारेत पाय अडकून ते सरळ कुंडीत बसले.

निवृत्तीनंतर काकांना लघुलहरींच्या रेडिओवरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचं वेड लागलं होतं. गल्ली त्यांना बिनतारी म्हणायची, घरात मात्र तारा चुकवत चालावं लागे. एरियलची आजवरची साधी तार आवाज चहूकडे उधळायची. परदेशातल्या मेहुण्यापर्यंत पोचायची ती नुसती खरखर. ही नवी लांबलचक तार मात्र एकाच दिशेला आवाज फेकणारी! मेहुणा पश्चिमेला. म्हणून काकांनी गच्चीवरच्या लोखंडी टाकीवर होकायंत्र ठेवलं, पश्चिम काढली आणि तार तिकडे ताणली.

काकूंची दाढ ठणकत होती. समोरच्या दवाखान्यात निघताना त्या म्हणाल्या, "आज दादाला ऐकू गेलं नाही, तर ही तार खाली उतरायची. कायमची!"

"अगं, तो खुर्चीतून उडेल!"

काकांनी खाली घरात येऊन माईक धरला. "मेहुणेबुवा, ऐकताय का?" उत्तर नाही. हाका मारमारून घसा बसला, तरी नाही. शेवटी काका वैतागले. "कोणी ऐकत नाहीये, म्हणून सांगतो. तुमच्या बहिणीची दाढ दुखतेय. सकाळपासून तोंड मिटून आहे. काय शांतता आहे घरात! डॉक्टरांनी अगदी सावकाश उपचार करावेत, एवढीच इच्छा!"

थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. एक गाल टम्म फुगलेल्या काकू!

"ऐकलं!"

"दादानं?" काकांनी टुणकन उडीच मारली.

"मी! नंबर पुकारायच्या स्पीकरमधून! सगळ्या दवाखान्यानं ऐकलं. खुर्चीतला पेशंट तर खरंच उडाला!"

"पण तार पश्चिमेला..."

"सूर्य बघा कुठे मावळतोय! तुमची पश्चिम डॉक्टरांच्या खिडकीत घुसलीय!"

काकांना लोखंडी टाकी आठवली. होकायंत्राची सुई बिचारी टाकीकडेच ओढली गेली होती.

"उतरवा ती तार!"

काका मुकाट्याने शिडीकडे वळले, तोच बेल वाजली. दारात दातांचे डॉक्टर, हातमोज्यांसकट.

काकांनी हातच जोडले. "चुकलं, डॉक्टर! आत्ता उतरवतो."

"छे छे, इतक्यात नको!" डॉक्टर म्हणाले. "आमचा माईक सकाळपासून बंद आहे. तेवढं 'पुढचा पेशंट, आत या' म्हणाल का? जरा हळू!"