बोडका फिरायला जातो

आमच्या वाडीचा डोंगर रोज पहाटे साडेपाचला फिरायला जातो. ओढ्याच्या पुलापर्यंत जातो, वळतो आणि सातच्या आत आपल्या जागी येऊन बसतो. कुणाचं कुंपण मोडत नाही. बोडका म्हणतात त्याला, कारण अंगावर झाड म्हणून राहिलं नव्हतं.

मागच्या फेब्रुवारीत तो तापायला लागला. पूर्वी मे महिन्यात तापायचा आणि संध्याकाळी निवायचा. आता माघातच दगडाला हात लावला की चटका, आणि रात्रभर निवायचं नाव नाही. शाळेत आरोग्य शिबिर होतं. सरपंचानं त्याचं नाव लिहून टाकलं. डॉक्टर मुल्लाबाई मिरजेच्या. त्यांनी पायथ्याला हात लावून बघितलं.

"किती वर्षं बसून आहेत हे?"

"लाखभर तरी झाली असतील," सरपंच म्हणाला.

"मग दुसरं काय होणार? औषध देत नाही. रोज दीड तास चालायचं. अंगावर काही उगवलं तर उपटू द्यायचं नाही. आणि खाडा नको."

त्याच्या मागचा नंबर माझा. साखर तीनशेच्या वर. बाई म्हणाल्या, "तात्या, तुम्हीपण यांच्याबरोबर जा. एकमेकांवर लक्ष राहील."

मला माणसांबरोबर चालायला आवडत नाही. गुडघे, सुना आणि पोटातला गॅस, यापलीकडं बोलणं जात नाही त्यांचं. डोंगर बोलत नाही. मला धाप लागली की तोही थांबतो आणि भलतीकडं बघत राहतो, म्हणजे मला वाईट वाटू नये. एवढी अक्कल माझ्या सख्ख्या भावाला नाही.

दिवाळीपर्यंत त्याचा ताप उतरला. अंगावर गवत आलं, गवतात तित्तर आले. माझी साखर एकशेसाठवर आली. आमची बायको हौसा म्हणाली, "डोंगर सुधारला. तुमचं तोंड तेवढं कधी सुधारतंय बघू."

मग कंपनी आली. उन्हावर वीज करणारी. ईशान नावाचा पोरगेला साहेब, पायात पांढरे बूट. त्याला बोडक्यावर काचेच्या पाट्या बसवायच्या होत्या.

"अंकल, हे सगळं पर्यावरणासाठीच आहे. आणि पाट्यांमुळं त्यांना सावलीच मिळेल."

"सावली मिळेल. चालायचं काय?"

"चालता नाही येणार. वायरी तुटतील."

सरळ सांगितलं त्यानं, खोटं बोलला नाही. म्हणून मी त्याला चहा दिला.

आठवड्यात तलाठ्यानं बोडक्याच्या एका धोंड्यावर नोटीस चिकटवली. सोमवारी सकाळी सहाला पाहणी होईल. डोंगर गट नंबर दोनशे चौदामध्ये आढळला नाही, तर त्याचा पायथा काँक्रीटनं बांधून घेण्यात येईल. पायथा बांधला की चालणं बंद, आणि चालणं बंद झालं की परत ताप. मी बोडक्याला म्हटलं, सोमवारचा एक दिवस बस गप. ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंचं ऐकतो, माझं नाही.

सोमवारी आम्ही पुलावर पोचलो तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. पुढं कुंभोजकर तलाठी, मागं ईशान.

"तात्या, गटात नुसता खड्डा आहे," तलाठी म्हणाला.

"असणारच. डोंगर इथं आहे."

"डोंगर जागेवर पाहिजे."

"भाऊसाहेब, तुम्ही आत्ता तुमच्या घरात आहात का? मग तुमचेही पाय बांधायचे का काँक्रीटनं?"

तलाठ्यानं यावर विचार केला. माणूस कामाला चोख होता. म्हणाला, "चारी बाजूंना काय आहे ते लिहिता आलं, तर डोंगर जागेवर आहे असं धरता येतं. निदान एक बाजू तरी कायम लागते."

"लिहा मग."

तो आमच्याबरोबर चालत लिहायला लागला. दक्षिणेस ओढा लिहिलं, तोवर ओढा मागं पडला. खोडलं. पश्चिमेस सावंतांचा गोठा लिहिलं, गोठाही गेला. खोडलं. उत्तरेचं तीन वेळा खोडलं. वाडीपाशी आलो तेव्हा त्याच्या कागदावर एकच ओळ धड राहिली होती.

"तात्या, तुम्ही जाताना-येताना याच बाजूनं चालता?"

"पलीकडं याची सावली पडते. मला गारठा सोसत नाही."

"रोज?"

"रोज."

त्यानं माझं पूर्ण नाव लिहिलं, पूर्वेस: गेनू बाबू सरगर. खाली शिक्का मारला.

ईशाननं विचारलं, "आणि हे नसतील त्या दिवशी?"

"त्या दिवशी डोंगरानं गटातच बसायचं. पूर्व बाजू मोकळी ठेवून हिंडताना सापडला तर बांधायचा," तलाठी म्हणाला.

ईशाननं पाट्या शाळेच्या छपरावर बसवल्या. शाळा कुठं जात नाही.

पौषात माझा गुडघा सुजला. रात्रीच ठरवलं की उद्या खाडा. हौसापण म्हणाली, राहू द्या एक दिवस. साडेपाच वाजले. बोडक्याची पावलं गल्लीत आली आणि थांबली. पुढं जाईनात. हौसानं दार किलकिलं केलं.

"दारासमोर उभा आहे. पार भिंतीला टेकलाय पलीकडच्या. तुम्हाला जागा सोडलीय."

"जा म्हणावं गटात."

"तुम्ही सांगा. मला बघवत नाही."

मी बाहेर आलो. तो नेहमीसारखा भलतीकडं बघत होता. गवतावर दव होतं. मी हौसाकडून काठी मागून घेतली, दोन शिव्या दिल्या आणि त्याच्या पूर्वेला जाऊन उभा राहिलो. मग तो निघाला, माझ्या पायाच्या बेतानं.

त्या दिवशी पुलावर पोचायला आठ वाजले. दुधाची गाडी आमच्या मागं अडकली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही.