गुडघ्यावरचा आदिताल

सेतुराव काका गाण्याला बसले की ताल स्वतःच्या मांडीवर धरत नाहीत. शेजारच्याच्या गुडघ्यावर धरतात.

हाताने ताल मोजण्यात चेन्नईत नवल नाही. गाण्याचे कार्यक्रम ठेवणाऱ्या संस्थेला इथे सभा म्हणतात. डिसेंबरात कुठल्याही सभेच्या हॉलमध्ये जा, रांगाच्या रांगा मांडीवर थापा मारताना दिसतील. एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. झाला आठ मात्रांचा आदिताल. पण हे प्रत्येक जण आपापल्या मांडीवर करतो. काकांचा हात मात्र गाणं सुरू झालं की सरळ शेजारच्या खुर्चीकडे निघतो. त्याला ओळखदेख लागत नाही.

नुंगंबाक्कमला आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. घराणं तंजावरचं, नोकरी एग्मोरच्या रेल्वे कचेरीत झाली, आणि मराठी अशी, की जुन्या पोथीतले अनुस्वार त्यांच्या नाकात अजून राहायला आहेत. 'सगळे' म्हणायचं असेल तर 'अस्के' म्हणतात. वाक्य मराठीत सुरू होतं आणि तमिळ हेल काढत संपतं. मी नाशिकचा. तरी ते मला पुणेकर म्हणतात. एकदा मी दुरुस्ती केली, तर म्हणाले, "तेंच तें. अस्के तिकडचेच कीं."

मी ओरगडमच्या एका कारखान्यात वाहनांच्या माहितीपुस्तिका लिहितो. गेल्या जूनमध्ये माझी बायको, सुनंदा, गेली. त्यानंतरचे महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कारखान्याच्या बसने जायचो, यायचो. घरी आलो की खुर्चीत बसायचो, पुस्तक उघडून. पान उलटलं जायचं नाही. नाशिकला परत ये, असं भाऊ फोनवर म्हणायचा, मी हो म्हणायचो, आणि फोन ठेवल्यावर तो काय म्हणाला ते आठवायचं नाही. नोकरी सोडून परत जायचं जवळजवळ ठरलंच होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दारावर छत्रीच्या मुठीचे ठोके पडले. दारात काका. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर. मला घरात बसून घाम येत होता.

"बेल बिघडली आहे तुमची," ते म्हणाले. "शर्ट घाला. चारचं गाणं आहे."

"काका, मला गाण्यातलं काही कळत नाही."

"मोफत आहे. दुपारचीं अस्कीं मोफत असतात. कळलं नाहीं तर नुकसान काय?"

सुनंदाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. तेवढ्यासाठीच मी गेलो असेन. परत आल्यावर मी बेल दाबून पाहिली. चांगली खणखणीत वाजली.

गाण्याला जाण्याचे काकांचे नियम आहेत. मोठ्या एसी सभागृहांत ते जात नाहीत. त्यांचा हॉल एकच, जुना, लाकडी जमिनीचा, पंख्यांचा. तिथे माकडटोपी कशाला, हे विचारायचं नाही. बसायचं ते पुढच्या रांगेत आणि डावीकडे, म्हणजे मृदंगाच्या समोर. बसल्याबरोबर चपला काढायच्या.

"चपला काढा, पुणेकर."

"देवळात आहोत का आपण?"

"काढा म्हणट्लो ना."

काढल्या. गाणारी मुलगी कॉलेजातली असावी. तिने पहिला सूर लावला आणि माझ्या गुडघ्यावर थाप पडली. मी दचकलो. मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मी हळूच पाय आवरला. हात मागोमाग आला. मी एक खुर्ची सोडून बसलो; काकाही उठून मधल्या खुर्चीत आले, समोर बघत, माझ्याकडे लक्षच नसल्यासारखे.

पण खरे काका बघायचे ते तनि आवर्तनाला. गाणाऱ्याचा मुख्य राग झाला, की गाणारा आणि व्हायोलिनवाला हात बांधून बसतात आणि मृदंगवाला एकटा वाजवतो. ती ही तनि. चेन्नईच्या रसिकांनी ती कॅन्टीनसाठी राखून ठेवली आहे. मृदंगावर पहिला हात पडला की हॉलमध्ये एकदम खुर्च्या वाजतात. वडे गरम असतात, रांग लहान असते, आणि परत येईपर्यंत पुढचं गाणं सुरू होत असतं. सगळ्यांच्या सोयीचं आहे.

काकांनी छत्री आडवी धरली. रांगेतून बाहेर पडणारे एक स्थूल गृहस्थ तिला अडले.

"कोठें?" काकांनी मराठीत विचारलं, मग तमिळमध्ये.

"कॉफी, सार."

"कॉफी पळून जाते काय? बसा."

"मला शुगर आहे. वेळेवर खावं लागतं."

"शुगर आहे आणि कॅन्टीनचा हलवा खायला निघालां! बसा म्हणतों!"

ते गृहस्थ खरोखर बसले. बाकीचे मागच्या बाजूने धाड धाड पावलं वाजवत निसटले, आणि प्रत्येक पावलासरशी काकांचा चेहरा दात दुखल्यासारखा झाला.

असे मी त्यांच्याबरोबर पुढचे तिन्ही शनिवार-रविवार गेलो. गाणं आवडत होतं असं नाही. ठोके पडायचे, म्हणून जायचो. एकदा मात्र चिडून म्हणालो, "काका, तुम्हाला स्वतःचा गुडघा नाही का?"

"तो मला ठाऊक आहे कीं," ते म्हणाले.

एका रविवारी गाण्याआधी त्यांनी मला जेवायला बोलावलं. स्वतः केलेलं सांबार आणि बटाट्याची भाजी. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता, जरीच्या साडीतला. हसरा चेहरा, आणि कानामागून खाली उतरलेली एक बारीक वायर.

मी बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"टायफॉइड झाला. मग ऐकूं येईना. तें मशीन नुसतं खरखर करायचं. फोटोपुरतं घालायची ती, डॉक्टरला बरं वाटावं म्हणून." त्यांनी माझ्या पानात सांबार वाढलं. "पण सभेला यायची हां. आधीं साड्या बघायला. मग मी गुडघ्यावर ताल सांगायला लागलों. ऐकणारे चुकायचे, ही नाहीं. समेला बरोबर मान हलवायची."

मी जेवायचा थांबलो होतो.

"आणि तनि," काका म्हणाले. "चपला काढून पाय जमिनीवर ठेवायची. लांकूड बोलतं. अस्क्यांचं गाणं संपायचं ना, तेव्हां हिचं सुरू व्हायचं. आणि हे शिंचे कॉफीला निघायचे! एवढीं पावलं! तिला कांहीं कळेनासं व्हायचं. माझ्याकडे बघायची, काय झालं म्हणून."

मग मी विचारलं, "मग माझ्या गुडघ्यावर का, काका?"

ते ताक ओतत होते. ओतून झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशीं किती वेळ बेल दाबली मी. तुम्ही जिन्याकडच्या खिडकीशीं बसलां होतां, पुस्तक घेऊन. दिसत होतां. आंत बेल वाजते आहे, आणि तुम्हांला ऐकूं येत नाहीं." पेला माझ्यापुढे सरकवला. "घ्या. उशीर होईल."

त्या दुपारी हॉलमध्ये मी न सांगता चपला काढल्या. गाणं सुरू झालं. काकांचा हात मात्र आला नाही. सांगून टाकल्याचा संकोच वाटला असेल. हात मांडीवर पालथा पडून होता, छत्री खुर्चीखाली. माझा गुडघा उगाच वाट बघत राहिला.

तनि सुरू झाली. तळव्यांखाली काहीतरी हललं. आधी मला भास वाटला. मग ते पोटऱ्यांपर्यंत चढत आलं, स्पष्ट, मोजून मोजून. जूननंतर इतकं स्वच्छ मला काही ऐकू आलं नव्हतं.

आणि तेच स्थूल गृहस्थ उठले.

काका हलले नाहीत. मी पाय आडवा घातला. माझी सगळी तमिळ गोळा करून म्हणालो, "सार, कॉफी पळणार नाही. बसा."

ते आधी माझ्याकडे, मग काकांकडे वळले, आणि सुस्कारा टाकून बसले.

काकांनी समोरून नजर काढली नाही. "पुणेकर," ते पुटपुटले, "फारच वाईट तमिळ आहे तुमची. राहा इथेंच थोडे दिवस. शिकवीन."

आणि माझ्या गुडघ्यावर थाप पडली. मग करंगळी. मग अनामिका.