परबकाकू आणि चार खांबांचा फुटबॉल

परबकाकू माणसांना गुण देतात, आणि ते दोनच प्रकारचे: सहा किंवा एक. मध्ये काही नाही आणि शून्य तर नाहीच. स्वातीची, म्हणजे माझ्या बायकोची, पुरणपोळी तव्यावरून अख्खी उतरली की काकू कोपरं कमरेला लावून दोन्ही हातांची पहिली बोटं समोर रोखतात. हे सहा. पोळी फाटून पुरण बाहेर आलं तर एकच बोट पुढे येतं. हा एक. गेल्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मोठा खर्च करून गच्चीची गळती थांबवली आणि ती ए विंगमधून बी विंगमध्ये गेली. जनरल मीटिंगमध्ये काकू उठल्या आणि एक बोट दाखवून उभ्या राहिल्या. सेक्रेटरींना वाटलं, यांना एक सूचना मांडायची आहे. त्यांनी आदरानं माइक पुढे केला.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारी काकू एकट्या राहतात. सत्तरीला टेकलेल्या, मूळच्या कणकवलीकडच्या. काका गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका गोदामात सुपरवायझर झाले. चेंडूशी काकूंचा संबंध इतकाच, की गॅलरीत आलेला चेंडू त्या परत देत नसत. मग काका गेले, आणि रश्मीनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, आईला पाच महिने मेलबर्नला नेलं. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात, फ्रिजला चिकटवायची कांगारू आणतात. काकू एक अख्खा खेळ घेऊन आल्या, ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा फुटबॉल.

आता फुटबॉलमधलं मला कळतं, असा माझा समज आहे. गेली तीस वर्षं मी जागून सामने बघतोय, आणि बिल्डिंगमध्ये दुसरं कुणी जागत नसल्यामुळे माझ्या मताला किंमत आहे. त्या जोरावर मी काकूंना सहज म्हटलं, "म्हणजे रग्बीच ना ती?"

"रग्बी?" काकूंनी हातातली लसूण खाली ठेवली. "मेल्या, रग्बीत हातानं चेंडू पुढे द्यायलाच बंदी! मागे देत देत पुढे जायचं. सरकारी कचेरीत फाइल जाते तशी. आणि मध्येच सगळे म्हशींसारखी डोकी एकमेकांत घालून उभे राहतात. ह्याका काय खेळ म्हणतत?"

"मग ते अमेरिकेचं, हेल्मेट घालून..."

"चार सेकंद खेळायचं आणि मग घोळका करून मीटिंग भरवायची. ते मी इथे सोसायटीत फुकट बघते."

एवढ्यावर थांबलो असतो तर माझी इभ्रत राहिली असती. पण मी विचारलं, आणि आमचा खरा फुटबॉल?

"तो तुझा दीड तासाचा भोपळा? एवढ्या वेळात माझ्या दिवाळीच्या चकल्या तळून होतात. हात लावायचा नाही म्हणे! देवान हात कित्याक दिल्यान मगे? आणि कुणाला जरा धक्का लागला की असा लोळतो, जसा काय विंचू चावला. आमच्यात माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर चढतो, चेंडू घेतो, धाडकन पडतो, आणि नाक पुसून परत धावायला लागतो."

"खांद्यावर चढतो? फाऊल नाही?"

"चेंडूसाठी चढला तर नाही. उगाच चढला तर आहे. एका थराची दहीहंडी समज."

मग माझी शिकवणीच सुरू झाली. मैदान क्रिकेटचं, लंबगोल. एका बाजूला अठरा माणसं. ऑफसाइड नाही, गोलकीपर नाही, जाळी नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू रेषेबाहेर गेला की पंच मैदानाकडे पाठ करून तो डोक्यावरून मागे फेकतो. "दृष्ट काढून फेकतात ना, तसा," काकू म्हणाल्या. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक.

"म्हणजे नेम चुकला तरी गुण?"

"चुकला कुठे? त्या बाजूला मारला ना त्यानं!"

पण काकूंचा सगळ्यात लाडका नियम वेगळाच. कुणी लांबून मारलेला चेंडू दुसऱ्यानं अधांतरी नीट झेलला की शिट्टी होते. मग सगळ्यांनी मागे सरायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. तो सावकाश मोजे वर ओढतो, दम घेतो, आणि मगच मारतो. "असं आपल्यासाठी कोण कधी मागे सरून उभं राहिलंय का रे?" काकूंनी विचारलं. मी घरात, ऑफिसात, बसच्या रांगेत, सगळीकडे आठवून पाहिलं.

प्रात्यक्षिकही झालं. गावाहून असोले नारळ आले होते, सोडणासकट. काकू त्यातला एक घेऊन खाली कंपाउंडमध्ये उतरल्या. चेंडू अगदी ह्याच आकाराचा म्हणे. "फेकायचा नाही. एका हातावर धरायचा आणि दुसऱ्या मुठीनं ठोसायचा. असा!" नारळ माझ्या कानाजवळून गेला आणि सेक्रेटरींच्या स्कूटरवर आदळला. स्कूटर उभी राहिली, आरसा तेवढा फुटला. काकूंनी जवळ जाऊन पाहणी केली आणि गंभीर चेहऱ्यानं एक बोट पुढे केलं. आरसा मी भरून दिला.

हे सगळं त्यांना शिकवलं जावयानं. ब्रेट त्याचं नाव. सहा फूट उंच, तांबूस दाढी, शाळेत सुतारकाम शिकवतो. लग्न काकूंना पसंत नव्हतं. व्हिसा मिळाला नाही म्हणून लग्नाला जाता आलं नाही, असं त्यांनी बिल्डिंगमध्ये सांगितलं होतं. खरं तर त्यांनी अर्जच केला नव्हता. रश्मी तिकडे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, शनिवारी तिची ड्यूटी. त्यामुळे पहिल्याच शनिवारी सासू आणि जावई सोफ्याच्या दोन टोकांना बसले, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसे. काकूंचं इंग्रजी 'यस, नो, थँक्यू' एवढं. ब्रेटचं मराठी त्याहून कमी. शेवटी त्या बिचाऱ्यानं टीव्ही लावला. काकूंना काही कळेना, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातून दोन उंच आणि दोन बुटक्या बाटल्या आणून टेबलावर खांब उभे केले. काकूंनी उठून टोपलीतला बटाटा दिला. तिसऱ्या शनिवारी काकू मालवणीतून पंचांचं कूळ काढत होत्या आणि ब्रेट तांदळाची भाकरी हातानं खात होता.

"माका जावय नको होतो रे," काकू एकदा म्हणाल्या. "झील गावलो." मालवणीत झील म्हणजे मुलगा.

आता त्या माझ्याशी हे कधी बोलल्या, ते सांगायला हवं. दर शनिवारी सकाळी काकूंच्या घरातून आरडाओरडा यायचा. "पकड रे मेल्या! हात काय भाड्यान दिलस?" वगैरे. काकू टीव्हीवर मॅच बघतायत, असंच आम्ही धरून चाललो होतो. एका शनिवारी मी डबा परत द्यायला गेलो तर टीव्ही बंद. लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवलेला, व्हिडिओ कॉल चालू. त्यात दूरवर एक टीव्ही, टीव्हीत मॅच, आणि चित्राच्या डाव्या बाजूला एक मोठा गोरा गुडघा.

"ही मॅच येते कुठून?"

"ब्रेटच्या हॉलमधून."

तो चहा करायला उठला की फोन हलायचा आणि मॅचच्या जागी छताचा पंखा दिसायचा. काकू तोपर्यंत पंखा बघायच्या. खेळ संपल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि मला बसवून घेतलं. रश्मी आणि ब्रेट दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. भांडण नाही, तंटा नाही. पटलं नाही, एवढंच रश्मीनं फोनवर सांगितलं होतं, आणि आईनं "बरं" म्हटलं होतं. पुढच्याच शनिवारी ब्रेटचा फोन आला, दर शनिवारसारखा, मॅचच्या वेळेला. काकूंनी तो उचलला.

"रश्मीला नाय माहीत," त्या म्हणाल्या. "कळलं तर तिला काय वाटेल? आई कुणाच्या बाजूची? ती नको म्हणाली तर बंद करावंच लागेल मला. पोटची पोर आहे." मग पदरानं फोनची काच पुसत म्हणाल्या, "पण मगे शनिवारी मी काय करू रे?" मला त्या क्षणी त्यांचं फार वाईट वाटलं. उभा जन्म फुटबॉल बघून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

यंदा गणपतीला रश्मी आली. तीन आठवडे राहणार म्हणून काकू हरखल्या, आणि शनिवार जवळ आला तशा कावऱ्याबावऱ्या झाल्या. कारण त्यांची टीम, जिचं नाव मी हरणाऱ्यांची बदनामी नको म्हणून सांगत नाही, यंदा कित्येक वर्षांनी बाद फेरीच्या दारात होती. हा शेवटचा सामना जिंकला तर आत. शुक्रवारी संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. "उद्या सकाळी तुमच्याकडे करंज्या करू."

"आमच्या झाल्या की, काकू," स्वाती म्हणाली.

"परत करू!"

सकाळी साडेनऊला आमच्या ओट्यावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवला गेला. "हॅलो आई!" गुडघा म्हणाला. रश्मी भिंतीपलीकडे, म्हणून काकूंनी सगळ्या शिव्या कुजबुजत दिल्या. मालवणी शिवी कुजबुजायची नसतेच. त्यात त्यांना खेळाडूंपेक्षा जास्त धाप लागली.

चौथा, म्हणजे शेवटचा डाव संपत आला असताना बेल वाजली. मी दार फटीएवढं उघडलं. दारात रश्मी. मी फट माझ्या देहानं भरून काढली आणि म्हणालो, "काकूंचे हात पिठाचे आहेत. सगळीकडे पीठच आहे. तू नको येऊस."

रश्मीनं स्वतःचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. ब्रेटचा मेसेज होता. आई आज वेगळ्याच स्वयंपाकघरात बसली आहे आणि फार हळू बोलते आहे, घसा बसलाय का, सगळं ठीक आहे ना?

"दादा, गोलकीपर म्हणून तू एकदम बंडल आहेस यार," ती म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मीही दार लोटून तिच्या शेजारी टेकलो.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"आम्ही वेगळे झालो त्यानंतरच्या पहिल्या शनिवारपासून. मला विचारूनच फोन केला होता त्यानं. मॅच संपली की सगळं कळवतो. आईचा गुडघा दुखतोय, आई बाथरूममध्ये घसरली होती, आईनं गोळ्या बदलल्या. मला ती काय सांगते? सगळं बरं आहे, तू जेवलीस का." तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "संसार नाही जमला रे आमचा. पण त्यासाठी तिचा शनिवार कशाला घालवू?"

"मग सांग ना तिला."

"सांगितलं तर ती लाजेल. आणि मला त्रास नको म्हणून बंदच करेल. मी ओळखते तिला."

आतून "गेलो! मेल्यानु, गेलो!" अशी किंकाळी आली. हरले होते, दोन गुणांनी. त्या दुःखात काकू कुजबुजायचं विसरल्या आणि त्यांचं इंग्रजी दाराबाहेर स्वच्छ ऐकू आलं.

"ब्रेट, लिसन. यू इट. नो स्लीप हंग्री." मग जरा खालच्या आवाजात, पण पुरेशा खालच्या नाही, "अँड रश्मी. शी अलोन देअर. समटाइम यू फोन हर, हां? आस्क, हाऊ आर यू. बट माय नेम नो टेल."

रश्मीनं तळहातानं डोळे पुसले, ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरून गेली. मी आत आलो. थोड्या वेळानं अगदी खालून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी हाक आली.

"आई! ए आई! आले गं मी बाजारातून!"

चपला फटफट वाजवत, प्रत्येक मजल्यावर थांबत ती वर येत होती. काकूंची धांदल उडाली. चालू फोन त्यांनी ओट्यावरच्या फडक्यात गुंडाळला, तांदळाच्या डब्यात खुपसला, झाकण दाबलं आणि लाटणं हातात घेतलं. रश्मी आत आली. "झाल्या का करंज्या?"

"होतायत," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात तांदळाच्या डब्यातून आवाज आला, "आई? आई, आर यू ओके?"

काकू पांढऱ्याफटक पडल्या. रश्मीनं इकडेतिकडे पाहिलं नाही. ती सरळ ओट्याकडे गेली आणि तिनं आमचा मिक्सर लावला. त्यात काहीच नव्हतं. चांगला मिनिटभर तो रिकामा घरघरत राहिला आणि आम्ही चौघं अत्यंत लक्षपूर्वक त्याच्याकडे बघत राहिलो. मग तिनं तो बंद केला, एक करंजी उचलली, "मस्त झाल्यात" म्हणाली आणि आपल्या घरी गेली.

काकूंनी डबा उघडला. तांदूळ झटकत फोन काढला, छातीशी धरला आणि माझ्याकडे बघून विजयी चेहऱ्यानं म्हणाल्या, "बघितलंस? काय कळलं नाय तिला."

"नाही काकू," मी म्हटलं. "तिला काय कळणार."