पाच किलोंच्या आत

आमच्या शेजारचे व्यंकटराव दिवाळीच्या फराळाचं ताट रिकामं परत करत नाहीत. ताटात मूठभर साखर असते आणि साखरेवर चिठ्ठी. ‘चकली २१० ग्रॅम, शंकरपाळी १८५ ग्रॅम मिळाली. चकलीत तेल राहिले असल्याने वजन फसवे आहे.’ खाली तारीख, सही. आमच्या घरात ही चिठ्ठी वाचून दरवर्षी दोन दिवस अबोला होतो, कारण चकल्या माझी आई करते आणि चिठ्ठी मी मोठ्यानं वाचतो. मला राहवत नाही.

व्यंकटराव वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, असं सरकार समजतं. देगलूर, निलंगा, नायगाव अशा बदल्यांच्या गावी त्यांची जीप बाजारात शिरली की निम्मी दुकानं जेवायच्या सुट्टीवर जायची म्हणे, सकाळी दहा वाजता. आता जीप नाही, पण राग आहे. लोकांना राग येतो आणि जातो. ह्यांचा घरातच राहतो, रेशनकार्डावर नाव घालायचं तेवढं राहिलंय.

“निव्वळ का ढोबळ?” हा त्यांचा पेटंट प्रश्न. मला मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. म्हटलं, “साहेब, तीन किलोची आहे!” पेढा हातात तोलत ते म्हणाले, “निव्वळ का दुपट्यासकट?” मी दवाखान्यात परत फोन केला. दुपट्यासकट होती.

तर अशा माणसाच्या बायकोनं, कौसल्यावहिनींनी, वयाच्या साठाव्या वर्षी बर्फात झोपायला जायचं ठरवलं.

वहिनींची धाकटी बहीण लातूरला असते. तिथल्या पहाटे फिरायला जाणाऱ्या अकरा बायकांनी हिमाचलात चार दिवस तंबूत राहायचा बेत केला. बारावी जागा वहिनींची. एकच अट: झोपायची बॅग ज्यानं त्यानं आणायची आणि एका तळावरून दुसऱ्या तळावर आपलं ओझं आपण न्यायचं. वहिनींचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून मोडला होता. त्या डॉक्टरांना विचारायला गेल्या. डॉक्टर म्हणाले, जा की, पण पाठीवर पाच किलोंच्या वर घेऊ नका.

डॉक्टर बिचारे सहज बोलून गेले. व्यंकटरावांनी त्याचा कायदा केला.

“पाच किलो म्हंजे पाच किलो. एक ग्रॅम वर गेला तर जायचं न्हाई. शिक्का मारलेल्या काट्यावर मोजून घेईन,” त्यांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं. गल्लीनं ऐकलं. गल्लीला पर्याय नव्हता.

मी मनात म्हटलं, संपलं. ह्यांना बाईला पाठवायचं नाही आणि नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून काटा पुढे केलाय. हे मी चार लोकांना सांगितलंही. रंगवून सांगितलं.

सगळा खेळ झोपायच्या बॅगेवर येऊन थांबला. कपडे, डबा, बाटली, औषधं मिळून सव्वाचार किलोंच्या खाली काही जाईना. म्हणजे बॅग पाऊण किलोच्या आतली हवी आणि थंडी शून्याची. आपल्याकडच्या रजईत तेवढ्या वजनात एक कोपरा भरतो. अशी बॅग पिसांचीच असते, बदकाच्या नाहीतर हंसाच्या पोटाजवळच्या कापसासारख्या मऊ पिसांची. नांदेडात ती कुठं मिळणार? मोबाइलवरून मागवायची.

पहिली बॅग आली त्या दिवशी मला घरातून बोलावून नेण्यात आलं. दारात कुरिअरवाला अडकवून ठेवलेला होता.

“मास्तर, बसा. पंचनामा करायचाय.”

“कशाचा?”

“पार्सलचा. तुम्ही पंच क्रमांक एक. हा पंच क्रमांक दोन.”

पंच क्रमांक दोन हेल्मेट घालूनच बसला होता. म्हणाला, “साहेब, अजून चाळीस पार्सलं हायती हो.”

“चाळीस ठिकाणी लोक फसून राहिले, आन तुला घाई हाय?”

खोका फुटला. बॅग काट्यावर चढली. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं सहाशे पन्नास ग्रॅम, काटा म्हणाला सातशे दोन. व्यंकटरावांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी वर्णन करू शकत नाही. रागाचाच होता, पण आनंद होता. “बावन्न ग्रॅम! ठेवायच्या पिशवीचं वजन धरलंच न्हाई चोरांनी! बाई काय बॅग हातात धरून हिंडणार हाय?” आम्ही दोघा पंचांनी सह्या केल्या. बॅग त्याच कुरिअरवाल्याच्या डोक्यावर परत गेली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. निघायला अठरा दिवस होते.

दुसरी बॅग मागवण्याआधी त्यांनी कंपनीला फोन लावला, आणि मला समोर बसवून स्पीकर चालू केला. त्या बॅगेवर ‘फिल पॉवर ८००’ असं लिहिलं होतं. पिसं किती फुगतात त्याचा तो आकडा.

“मॅडम, आठशे के आगे क्या? किलो, लिटर, मीटर, कुछ तो होना ना?”

“सर, वो फिल पॉवर है. आठ सौ.”

“वो मैं पढ्या. आठशे क्या? मैं बोलूँ मेरी उमर चौसठ, तो साल बोलूँगा ना? चौसठ बकरी तो नहीं बोलूँगा!”

बाई गोड होती. कुणाला तरी विचारून आली. “सर, क्यूबिक इंच पर औंस.”

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. व्यंकटराव सावकाश उभे राहिले. ज्या माणसानं उभी हयात कायद्यानं बंद झालेले शेर, पायली आणि गजपट्ट्या जप्त करण्यात घालवली, त्याच्या कानात भरदुपारी कुणी औंस घातला होता.

“औंस?” ते म्हणाले. “इंच? मेरे देश में?”

पुढची सात मिनिटं मी इथं देत नाही. बाईनं शेवटी “और कोई सहायता, सर?” असं विचारलं, हे मात्र नोंदवून ठेवतो. तिला देव भरपूर देवो.

त्यांचा सगळ्यात मोठा संताप मात्र थंडीच्या आकड्यांवर होता. प्रत्येक बॅगेवर दोन आकडे असतात. एक, सर्वसाधारण बाईला ज्या थंडीत सुखानं झोप लागते तो. दुसरा, सर्वसाधारण पुरुष ज्या थंडीत कुडकुडत का होईना रात्र काढतो तो. जाहिरातीत दुसराच मोठ्या अक्षरात.

“बाईच्या बॅगेवर बाप्याची थंडी लिहून विकून राहिले! आन ही सर्वसाधारण बाई कोण? कुठली? मला दाखवा. माझी बायको नांदेडची हाय. इथं पंखा तीनवर केला की ही शाल घेती. हिचे पाय दसऱ्यापासून बर्फ असतात, आन छत्तीस वर्षं मलाच लावून राहिली ती!”

“हळू बोला की,” आतून वहिनी म्हणाल्या.

“का हळू? खोटं हाय का?”

दुसरी बॅग आली, तिचीही पाठवणी झाली. तिसरी आली तेव्हा सहा दिवस उरले होते. वर लिहिलं होतं सहाशे चाळीस. काटा म्हणाला सहाशे अडतीस. मी टाळी वाजवली. पंच क्रमांक दोननंही वाजवली, तो आता घरचाच झाला होता.

व्यंकटरावांनी आमच्याकडे असं बघितलं की टाळ्या हवेतच थांबल्या. “दोन ग्रॅम कमी. कमी! म्हंजे पिसं कमी भरली!”

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “आता हीच राहू द्या.”

“थंडीत तपासल्याशिवाय न्हाई.”

आता मार्च महिन्यात नांदेडला थंडी कुठून आणायची? त्यांनी शोधली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवलं, मांडीवर बॅग दिली आणि नायगावच्या पुढं एका मिरचीच्या शीतगृहाशी नेऊन उभं केलं. वाळलेली लाल मिरची पोत्यांत भरून तिथं गारठ्यात ठेवतात. मालकानं व्यंकटरावांना लांबून पाहिलं आणि त्याचा चेहरा पोत्याच्या रंगाचा झाला.

“साहेब, काटा एकदम बरोबर हाय! कालच बघितला!”

“काट्याला न्हाई आलो. झोपायला आलो.”

मालकाला हे जास्त भीतिदायक वाटलं असावं. तो मागं सरला. व्यंकटरावांनी अंगातला सदरा काढून माझ्याकडे दिला, मग चपला, मग पायमोजे. बनियन-पायजम्यावर, अनवाणी, पिसांची बॅग काखेत मारून, घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन ते त्या अंधाऱ्या गारठ्यात शिरले. दार लागलं.

“ह्यांच्या घरी समदं ठीक हाय ना?” मालकानं मला विचारलं.

एक तास. आम्ही बाहेर दोन दोन कप चहा घेतला. आतून शिंका ऐकू येत होत्या. प्रत्येक शिंकेनंतर मिरचीला उद्देशून काहीतरी. तास झाल्यावर दार उघडलं आणि हा माणूस बाहेर आला. डोळे लाल, नाक लाल, केसांत मिरचीची बी. मला वाटलं, आता पंचनामा. ते ओट्यावर बसले आणि एक पाऊल हातात घेऊन चोळत राहिले.

“आत सात अंश. पाय उबदार राहिले,” ते म्हणाले. “शून्यात राहतील का, ते न्हाई सांगता येत. दोन मोजे घालायला सांगावं लागंल.” आणि लगेच मालकावर ओरडले, “हे बी काय मिरची ठेवायची जागा हाय? माणूस झोपू शकत न्हाई!”

बॅग पास झाली. पुढचे पाच दिवस त्यांनी बाकीच्या सामानावर हत्यार चालवलं. वहिनींचा कंगवा करवतीनं अर्धा केला. दात घासायच्या ब्रशचा दांडा छाटला. स्वेटरच्या गळ्यामागची चिठ्ठी उसवली. औषधांच्या पट्ट्यांचा रिकामा पत्रा कातरला. प्रत्येक तुकडा काट्यावर ठेवून वहीत वजाबाकी. मी गल्लीत रोजचं बातमीपत्र देत होतो: आज टिकल्यांचं पाकीट गेलं.

निघायच्या दिवशी दुपारी साडेतीनची लातूरची बस होती. मी निरोप द्यायला गेलो तेव्हा सॅक भरलेली होती, शेवटी त्यात जादाचे जाड मोजे आणि वहिनींची शालही गेली होती. वहिनी पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घालून ताठ उभ्या होत्या. त्यांना बुटात मी पहिल्यांदाच बघत होतो. व्यंकटराव काटा मधल्या खोलीत आणून, त्याखाली कागदाची घडी घालून पातळी बघत होते.

“आणा हिकडं सॅक.”

वहिनी हलल्या नाहीत.

“आणा म्हणलं ना. शेवटचं वजन.”

“तुम्हाला मला पाठवायचं न्हाई,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी दाराकडे सरकलो. “पहिल्या दिवसापासून न्हाई. तर सरळ म्हणायचं. हे वजन कशाला मधी आणून राहिलात?”

“डॉक्टर म्हणले—”

“देगलूरहून निलंग्याला गेलो तवा डॉक्टर कुठं होते? नऊ बदल्या झाल्या तुमच्या. नऊ. तुम्ही आदल्या दिवशी जीपमधी बसून हजर व्हायला जायचे. मागं घर मी बांधलं. लोखंडी कपाट मी उचललं, एका बाजूनं हमाल, एका बाजूनं मी. पाण्याची टाकी, गव्हाची कोठी, दोन लेकरं. पोटात तिसरं असताना गादीची वळकटी डोक्यावर घेऊन जिना उतरले मी. त्या सामानाचं वजन केलं का हो तुम्ही कधी? एकदा तरी?”

व्यंकटरावांनी तोंड उघडलं. आम्हा गल्लीकरांना माहीत आहे की त्यांचं तोंड उघडलं की आवाज येतोच. आला नाही.

वहिनींनी सॅक उचलली, काट्यावर आदळली आणि तोंड फिरवून खिडकीशी उभ्या राहिल्या. “मोजा. बसत नसंल तर खोला आन काढा काय काढायचं ते. मी न्हाई बघत.”

मी बाजूला उभा होतो. मला आकडा सरळ दिसत होता. पाच किलो एकशे चाळीस. थरथरला आणि तिथंच थांबला. पाच, एक, चार, शून्य.

व्यंकटराव वाकून बघत राहिले. एरवी ते आकडा दोनदा वाचतात, एकदा स्वतःसाठी, एकदा नोंदीसाठी. चष्मा काढला, पुसला, घातला. काटा मिनिटभरात मत बदलणार नव्हता.

“चार किलो नऊशे ऐंशी,” ते म्हणाले आणि काट्याचं बटण बंद केलं.

वहिनी वळल्या. बंद झालेल्या काट्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. छत्तीस वर्षांत त्यांनी हा आवाज पुष्कळ ऐकला असेल, पण आकडा सांगताना तो असा खाली गेलेला कधी ऐकला नसावा.

“बरोबर हाय ना?” त्यांनी विचारलं.

“शिक्क्याचा काटा हाय माझा!” व्यंकटराव गरजले. मला हायसं वाटलं. मग त्यांनी सॅक उचलली, वहिनींच्या पाठीमागं गेले, पट्टे चढवले. उजवा पट्टा दोन बोटं सैल केला, डावा ओढला. पुन्हा उजव्याखाली बोट घालून बघितलं. मग एकदम माझ्यावर फिरले. “आन तुम्ही काय नाटक बघून राहिलात? रिक्षा आणा!”

रिक्षा आणली. वहिनी बसल्या, सॅक मांडीवर घेतली. रिक्षा वळेपर्यंत व्यंकटराव रिक्षावाल्याला खड्डे कुठं कुठं आहेत ते ओरडून सांगत होते.

ती दिसेनाशी झाली तेव्हा माझ्यातला खोडकर माणूस गप्प बसेना. म्हटलं, “साहेब, तो आकडा—”

“पाच किलो डॉक्टरचा आकडा हाय, मास्तर,” ते रस्त्याकडेच बघत म्हणाले. “खांदा तिचा हाय.”

आणि ते आत गेले, दार लावलं.

संध्याकाळपर्यंत त्या घरातून आवाज आला नाही. दूधवाला येऊन गेला, त्याच्या मापावरून काही झालं नाही. गल्लीला ह्याची सवय नव्हती. दिवेलागणीला समोरच्या तीन घरांतून माणसं एकेक करून बाहेर आली, व्यंकटरावांच्या बंद दाराकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि काय विचारावं ते न सुचून परत आत गेली.